४० हजारांत पाच पेडल घेऊ नकोस: ब्लूज-रॉकचा टोन कुठून येतो

तुझा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडतो, म्हणजे घोळ नको. स्ट्रॅटची, म्हणजे फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारची, कॉपी आहे, दहा वॉटचा साडेसहा इंची स्पीकरवाला प्रॅक्टिस अँप (अँप्लिफायर) आहे, एक डिस्टॉर्शन पेडल, म्हणजे गिटार आणि अँपच्या मध्ये लावायचं आवाज फाडणारं खोकं, आहे आणि या सगळ्यातनं जो आवाज निघतो तो पत्र्याच्या डब्यात माश्या कोंडल्यासारखा निघतो. हातात ४० हजार आहेत. पाच पेडलची यादी केलीयेस: ट्यूब स्क्रीमर, ब्लूज ड्रायव्हर, बिग मफ, फझ फेस आणि क्लॉन नावाच्या पेडलची एखादी कॉपी. त्यातलं आधी कुठलं घेऊ, आणि ब्लूज-रॉक गिटारवादक गॅरी मूरसारखा लांब गाणारा स्वर हवा असेल तर स्ट्रॅट विकून गिबसनची लेस पॉल गिटार घेऊ का, असं विचारलंयस. राहतोस राजेंद्र नगरला तिसऱ्या मजल्यावर आणि खालच्या फ्लॅटमध्ये वयस्कर जोडपं आहे, हेही लिहिलंस ते बरं केलंस, कारण त्यावर बरंच अवलंबून आहे.

उत्तर सरळ देतो. पाचातलं एकच घे, आणि तेही सगळ्यात शेवटी. आधी अँप बदल.

मी इंदूरात सव्वीस वर्षं वाजवतोय, त्यातली पहिली बारा-तेरा गणेशोत्सवातल्या आणि लग्नांच्या ऑर्केस्ट्रात गेली, आता रामबागेत घरच्याच एका खोलीत गिटारचे सेटअप आणि अँपची दुरुस्ती करतो. महिन्यातनं दोन-तीन पोरं तरी हाच प्रश्न घेऊन येतात, आणि बहुतेक वेळा त्यांच्या बॅगेत पेडल खरंच चांगली असतात, पण घरी ती ज्याच्यात लावतात तो अँप त्या पेडलचं काही ऐकवूच शकत नाही.

तुला जो आवाज आवडतो तो जन्मला कसा ते बघ. ट्यूब अँपला (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या ट्यूबवर चालणाऱ्या अँपला) त्याच्या ताकदीच्या काठावर नेलं की ट्यूब सिग्नल जसाच्या तसा मोठा करू शकत नाही, लाटेची टोकं हळूहळू गोल होऊन चपटी व्हायला लागतात, त्यातनं मूळ स्वराच्या वरचे हार्मोनिक्स तयार होतात आणि आवाज थोडा दाबलाही जातो, म्हणजे जोरात मारलेला आणि मध्यम मारलेला स्वर यांच्यातलं अंतर कमी होतं आणि स्वर लांबतो. हे "हळूहळू" फार महत्त्वाचं. स्वस्तातल्या ट्रान्झिस्टर अँपला असं ढकललं तर तो एका क्षणापर्यंत साफ असतो आणि पुढच्या क्षणी टोक कात्रीनं कापल्यासारखं कापतो, तीच तुझी माश्यांची भुणभुण. वर स्पीकर साडेसहा इंची, त्यात खालचा भाग येतच नाही.

१९६६ साली एरिक क्लॅप्टन जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्स बँडबरोबर रेकॉर्डिंगला गेला तेव्हा गिबसन लेस पॉल आणि मार्शलचा दोन बारा-इंची स्पीकरवाला कॉम्बो (अँप आणि स्पीकर एकाच खोक्यात) घेऊन गेला. त्या अँपचा मॉडेल नंबर १९६२, पुष्कळ जण ते साल समजतात. स्टुडिओत गिटारवाल्यानं हळू वाजवायचं असा तेव्हाचा शिरस्ता होता, आणि हा हटून बसला की मी स्टेजवर वाजवतो तेवढ्याच मोठ्यानं वाजवणार. का, तर त्या व्हॉल्यूमच्या खाली तो अँप तसा बोलतच नव्हता. ब्लूज-रॉकचा जो जाड, तुपकट आवाज आपण ओळखतो तो इथून पुढे सगळ्यांच्या कानात बसला. आणि त्या मार्शलचं मूळ कुठं, तर मार्शलच्याच जेटीएम ४५ या अँपमध्ये, आणि जेटीएम ४५ चं मूळ फेंडरच्या बासमनमध्ये, जो खरं तर बेस गिटारसाठी बनवलेला अँप. जिम मार्शलच्या लंडनमधल्या ड्रमच्या दुकानातल्या लोकांनी तो समोर ठेवून तिथं मिळणाऱ्या सामानातनं आपला बनवला.

आता एक गोष्ट जी मी प्रत्येकाला माझ्या टेबलासमोर बसवून दाखवतो. माझ्याकडे पंधरा वॉटचा, दोन ईएल ८४ ट्यूबवाला एक अँप कायम लावलेला असतो. परवा एक मुलगा आला, तुझ्याच वयाचा. त्याची गिटार लावली, गिटारचा व्हॉल्यूम दहावर ठेवला आणि अँपचा गेन (सिग्नल किती वाढवून फाडायचा तो नॉब) इतकाच वाढवला की जोरात कॉर्ड मारली तर गुरगुरेल आणि बोटानं हलकं छेडलं तर साफ राहील. मग त्याला म्हटलं, आता गिटारचा व्हॉल्यूम सहावर आण. त्यानं नॉब फिरवला आणि स्पीकरमधनं खर्रर्र आलं. दोन वर्षांत त्यानं तो नॉब एकदाही हलवला नव्हता, आत पॉटवर, म्हणजे नॉबखालच्या फिरत्या भागावर, धूळ धरलेली. काँटॅक्ट क्लीनर मारला, दहा-पंधरा वेळा मागं-पुढं फिरवून घेतला, आणि मग तो वाजवायला लागला. सहावर साफ घंटेसारखा, आठवर कडा खरबरीत, दहावर सोलो. करंगळी नॉबवर, बाकी हात तारांवर. अर्धा तास पोरगं तेच करत बसलं, बॅगेतली चार पेडल त्यानं बाहेरही काढली नाहीत. गिटारचा व्हॉल्यूम कमी केला की अँपच्या पहिल्या ट्यूबला मिळणारा सिग्नल कमी होतो, एवढंच यामागचं कारण, पण हाताला हे कळायला अँप काठावर उभा असावा लागतो. आणि पेडल घ्यायचं ते या काठावरच्या अँपला आणखी एक धक्का द्यायला.

यावरनं ट्यूब स्क्रीमरकडे येतो, कारण याच्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज. १९७०चं दशक संपता संपता जपानात मॅक्सन कंपनीच्या सुसुमु तामुरांनी ते सर्किट बनवलं आणि इबानेझच्या नावानं टीएस ८०८ म्हणून ते विकलं गेलं. आत सिग्नल वाढवणारी एक छोटी ऑप-अँप चिप, तिच्या फीडबॅकमध्ये उलट-सुलट लावलेले दोन डायोड, ते टोकं मऊपणे गोल करतात. पण खरी करामत दुसरीच आहे: साधारण ७२० हर्ट्झच्या खालचा भाग त्यात वरच्या मानानं कमी वाढवला जातो, आणि पुढे वरचा झणझणीत भागही थोडा कापला जातो. म्हणजे खालचा घुमारा गेला, वरची कर्कश धार गेली, मधलं उरलं. एकटं, साफ अँपमध्ये, ड्राइव्ह (पेडल स्वतः किती फाडतं तो नॉब) फुल करून वाजवलंस तर नाकात बोलल्यासारखं वाटेल आणि तू म्हणशील हेच का ते. पण तेच फेंडरच्या साठच्या दशकातल्या काळ्या पॅनलवाल्या अँपपुढे लाव, ज्यांच्या आवाजात मधला भाग मुळातच दबलेला असतो, तो अँप थोडा फाटायच्या बेताला आण, पेडलचा ड्राइव्ह घड्याळाच्या काट्यासारखा नऊ वाजता आणि लेव्हल (पेडल पुढे किती जोर पाठवतं) दोन-तीन वाजता ठेव. मधला खड्डा भरतो, खालचा ढिसाळपणा जातो आणि अँपच्या ट्यूबा पेडलच्या धक्क्यानं फाटतात. ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉनचा ट्यूब स्क्रीमर हा असा चालायचा, ड्राइव्ह कमी, लेव्हल भरपूर, पुढे मोठे फेंडर अँप जोरात.

आणि त्याच्या तारा! १३ च्या गेजचा सेट (सगळ्यात बारीक तार ०.०१३ इंच जाड), सगळी गिटार अर्धा स्वर खाली उतरवलेली. ते बघून दर वर्षी कोणीतरी १३ चा सेट लावतो आणि आठवड्यात बोटं फोडून घेतो. स्वतः त्याचीही बोटं फुटायची. दुसऱ्या बाजूला झीझी टॉपचा बिली गिबन्स, त्याचा आवाज जगातल्या सगळ्यात जाड आवाजांमधला एक, आणि तारा ०७ च्या, दोऱ्यासारख्या. तेव्हा जाड तार म्हणजे जाड टोन हा हिशेब सोडून दे. तू १० चा सेट लाव आणि अर्धा स्वर उतरव, हाताला ९ सारखा वाटेल.

फझ फेसची गंमत वेगळी, आणि ही इंदूरच्या माणसाला कळलीच पाहिजे. १९६६ ला ते आलं, सुरुवातीची जर्मेनियम ट्रान्झिस्टरवर होती, पुढे सिलिकॉनची आली. जर्मेनियमचा आवाज लोण्यासारखा, आणि गिटारचा व्हॉल्यूम सातवर आणला की इतका सुंदर साफ होतो की दुसरं कुठलंच पेडल तसं होत नाही. पण जर्मेनियमला उष्णता सोसत नाही. आत जो थोडासा करंट उगाच गळत असतो तो दर आठ-दहा डिग्रीला साधारण दुप्पट होतो, बायस (ट्रान्झिस्टरची कामाची ठरलेली बैठक) सरकतो आणि आवाज मान टाकतो. बायपासवरच्या एका मॅरेज गार्डनमध्ये मे महिन्यात आमचा कार्यक्रम होता, दुपारी चारला साउंड चेक, स्टेजवर छप्पर नाही, पारा ४० च्या वर. पेडलचं पत्र्याचं खोकं हात लागला तर चटका बसेल इतकं तापलेलं. स्वर लावला तर फुस्स, जणू बॅटरी संपलीये. बॅटरी बदलली, केबल बदलली, काही नाही. शेवटी उचलून कूलरसमोर खुर्चीवर ठेवलं, आणि रात्री दहाला स्टेजवर नेलं तर एकदम ठणठणीत. तेव्हापासून मार्च ते जून मी सिलिकॉनवालंच नेतो. तुझ्या यादीत फझ फेस आहे ते पुढे कधीतरी घे, सिलिकॉनचं घे, आणि साखळीत सगळ्यात पहिलं, गिटारला लागून ठेव, त्याच्या आधी बफर (काही पेडलमधलं सिग्नल सांभाळणारं सर्किट) आलं की तो व्हॉल्यूम नॉबचा खेळ बिघडतो. जुन्या पद्धतीच्या जर्मेनियम फझला अर्थ (ग्राउंड) उलटा म्हणजे पॉझिटिव्ह असतो, त्याला बाकीच्यांबरोबर एकाच अडॅप्टरच्या साखळीवर लावलंस तर शॉर्ट होईल, त्याला बॅटरीच बरी.

रोरी गॅलाघर माहितीये ना, तो घासून घासून लाकूड उघडं पडलेल्या १९६१ च्या स्ट्रॅटवाला? त्याच्याकडे वॉक्स एसी ३० अँप आणि त्यापुढे डॅलस रेंजमास्टर पेडल. आत एकच जर्मेनियम ट्रान्झिस्टर, काम एवढंच की वरचा भाग वाढवून अँपच्या तोंडावर मारायचा. पेडल स्वतः फार काही फाडत नाही, अँपला फाडायला लावतं. म्हणजे पुन्हा तेच.

बिग मफ सुंदर आहे पण तुला जे वाजवायचंय त्याच्यासाठी नाही, बँडमध्ये त्याचा मधला भाग हरवतो. ब्लूज ड्रायव्हर चांगलं, जरा तिखट. क्लॉनची कॉपी हेही शेवटी अँपला ढकलायचंच यंत्र.

आता गिटार. स्ट्रॅट विकू नकोस. लेस पॉलचा फरक खरा आहे, ते नाकारत नाही: तिच्या हंबकर पिकअपमध्ये (पिकअप म्हणजे तारांची थरथर पकडणारं चुंबक आणि कॉइल) दोन कॉइल, सिग्नल जोरकस, वरची धार कमी, आणि स्केल (तारेची वाजणारी लांबी) पावणेपंचवीस इंचांच्या आसपास म्हणून तारा जरा सैल, बेंड (तार ढकलून स्वर चढवणं) सोपा. स्ट्रॅटचं स्केल साडेपंचवीस. गॅरी मूरचा १९९० चा तो ब्लूजचा आवाज लेस पॉल, मार्शलचा अँप आणि मार्शलचंच गव्हनर पेडल, असा होता. पण फ्लीटवूड मॅकच्या पीटर ग्रीनची लेस पॉल, जी नंतर गॅरी मूरकडेच गेली आणि आता मेटालिकाच्या कर्क हॅमेटकडे आहे, तिचा मधल्या स्विचवरचा तो पोकळ, रडवा आवाज कशामुळे, तर एका पिकअपचा मॅग्नेट उलटा होता म्हणून. एवढ्याशा गोष्टीनं ती गिटार जगात वेगळी झाली. सांगायचा मुद्दा, तुझ्या स्ट्रॅटमध्ये अजून तू पाहिलंच नाहीस असं बरंच काही आहे. फोटो पाठवलायस त्यात पिकअप तारांना चिकटतील इतके वर चढवलेत. स्ट्रॅटच्या पिकअपचे मॅग्नेट तारांना ओढतात, मग वरच्या फ्रेटवर स्वर डगमगतो, एकाच तारेत दोन स्वर भांडल्यासारखे ऐकू येतात, आणि सस्टेन (स्वर टिकणं) मरतं ते वेगळंच. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून मोज: जाड ई खाली साधारण अडीच मिलिमीटर, बारीक ई खाली दोन. एक स्क्रू ड्रायव्हर, पाच मिनिटं, खर्च शून्य. मग स्विच नेक पिकअपवर (गळ्याजवळच्या पिकअपवर) ने, टोन नॉब सहावर आण आणि बघ तुझी गिटार किती लेस पॉलच्या जवळ जाते.

लांब गाणाऱ्या स्वराचा अर्धा भाग डाव्या हातात आहे. ब्लूजचा जो गंधार आहे ना, तो कोमलही नाही आणि शुद्धही नाही, दोघांच्या मधली जागा आहे, आणि ती फ्रेटवर मिळत नाही, कोमल गंधारावर बोट ठेवून तार किंचित वर ढकलावी लागते. तू लिहिलंस की लहानपणी चार वर्षं हार्मोनियम आणि गाणं शिकलास, मग तुला तर हे दुसऱ्यांपेक्षा लवकर यावं. आमीर खाँसाहेबांच्या गावात राहतोस, त्यांची विलंबितातली एखादी मींड ऐक, एका स्वरावरनं दुसऱ्यावर जाताना मधलं सगळं अंतर कसं ऐकू येतं ते ऐक आणि तसा बेंड घे. ब्लूज गिटारवादक अल्बर्ट किंग एका बेंडमध्ये दोन-तीन जागा घ्यायचा. व्हायब्रेटो मनगटातनं, एकाच वेगाचा, आणि स्वर लागल्यावर क्षणभर थांबून. हे जमलं की सस्टेन आपोआप वाढल्यासारखं वाटतं कारण तार हलती राहते.

अल्बर्ट किंगचं नाव निघालं म्हणून सांगतो, तो कितीतरी वर्षं अकूस्टिक कंपनीचा ट्रान्झिस्टर अँप वापरायचा, आणि बी. बी. किंगचा लॅब सीरीज एल ५ हाही ट्रान्झिस्टरच. म्हणजे ट्यूब नाही तर ब्लूज नाही असं अजिबात नाही. चांगला ट्रान्झिस्टर अँप, मोठा स्पीकर आणि भरपूर हेडरूम (फाटायच्या आधीची मोकळी जागा) असेल तर तोही गातो, फक्त स्वस्त छोट्या अँपची कात्री नको.

तुझ्यासाठी कुठला? वॉटचा हिशेब आधी डोक्यातनं काढ. ५० आणि १०० वॉटमध्ये फक्त ३ डेसिबलचा फरक असतो, कानाला दुप्पट मोठं वाटायला दहापट वॉट लागतात. त्यामुळे पंधरा वॉटचा ट्यूब अँप काठावर आणलास तर राजेंद्र नगरच्या फ्लॅटमध्ये तू तो पाच मिनिटं वाजवू शकणार नाहीस, खालच्या आजोबांच्या भिंती हादरतील, आणि मग तू व्हॉल्यूम एकवर ठेवून वाजवशील, म्हणजे पैसे पाण्यात. पाच वॉटचासुद्धा खोलीत मोठाच वाटतो. म्हणून मी तुला ट्यूब अँप घे असं सांगत नाहीये. बॉस कटाना ५० सारखा ट्रान्झिस्टर अँप बघ, बारा इंची स्पीकर आहे, आणि त्यात ताकद अर्ध्या वॉटवर आणायची सोय आहे, त्यामुळे कमी आवाजातही अँप ढकलल्यासारखा वागतो, गिटारच्या व्हॉल्यूमला प्रतिसाद देतो. सेकंड हँड चांगला मिळत असेल तर तोही चालेल, फक्त घ्यायच्या आधी वाजवून बघ.

बाहेरून कोणी आणलेला अमेरिकन अँप मात्र नीट बघून घे. मागच्या पाटीवर १२० व्होल्ट लिहिलेलं असेल तर आपल्या २३० मध्ये तो थेट लावायचा नाही, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. माझ्याकडे असा एक आला होता, विकणाऱ्यानं "चालतो" म्हणून सांगितलेला, मुलानं घरी जाऊन प्लग लावला आणि धूर. ट्रान्सफॉर्मर गेला, आणि त्याच्या आईनं साठवलेल्या पैशातनं घेतलेला अँप होता तो, मला आजही ते आठवलं की वाईट वाटतं. आणि ट्यूब अँप कधी घेतलास तर स्वतः उघडू नकोस, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३००-४०० व्होल्ट बसलेले असू शकतात.

तुझ्या घरातला गुणगुणाट पेडलमुळे नाही बहुधा. तू म्हणतोस तारांना हात लावला की कमी होतो, मग आधी अर्थिंग बघ. जुन्या बिल्डिंगांमध्ये तीन पिनचा सॉकेट असतो पण तिसऱ्या पिनला मागे वायरच नसते. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला बोलावून तपासून घे, हे टोनपेक्षा जिवाचं काम आहे. मग एलईडी आणि ट्यूबलाइट बंद करून वाजवून बघ, स्ट्रॅटचं सिंगल कॉइल (एकाच कॉइलचं) पिकअप ते सगळं पकडतं. पिकअप निवडायचा स्विच दोन आणि चार नंबरवर गुणगुण गायब होत असेल तर तुझा मधला पिकअप उलटा गुंडाळलेला आहे, चांगली गोष्ट आहे.

तर पैसे असे लाव. बहुतांश अँपला. मग एक नीट सेटअप, फ्रेट, नट, इंटोनेशन (सगळ्या फ्रेटवर स्वर सुरात आणणं), पॉटची सफाई, आणि १० चा सेट. एक चांगली केबल, तीन मीटरचीच, लांब केबल वरची धार खाते. उरलेल्यात एक ट्यूब स्क्रीमर किंवा बॉसचं एसडी-१, त्याच घराण्यातलं आहे आणि स्वस्तात मिळतं. तुझं डिस्टॉर्शन पेडल विकू नकोस पण सध्या कपाटात ठेव.

अँप आल्यावर पहिला आठवडा पेडल लावूच नको. बेस चार, मिड सात, ट्रेबल पाच, गिटारचा व्हॉल्यूम दहा, नेक पिकअप, आणि गेन शून्यावरनं हळूहळू वाढवत ने. जाड ई तार मोकळी, जोरात मार आणि हात काढून घे, स्वर विरेपर्यंत ऐक. सुरुवातीचा फाटका आवाज आधी विरून मागे साफ स्वर उरला तर गेन बरोबर आहे, शेवटपर्यंत खरखरत राहिला तर गेन अर्धा आकडा कमी कर आणि पुन्हा मार.